मायक्रोवेव्हमधून सुटलेली डबी

मी श्रीखंडाची डबी बोलतेय. तुम्ही म्हणाल, श्रीखंड संपल्यावर डबीपाशी बोलण्यासारखं काय उरतं? तर खरं सांगते, माझं आयुष्य श्रीखंड संपल्यावरच सुरू झालं. आणि आधीच एक सांगून ठेवते. मी जरा भित्री आहे. भांडं पडलं, दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली तरी माझं झाकण थरथरतं. तेव्हा बोलता बोलता मध्येच दचकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबलं, पटकन गार केलं, की झाले मी तयार. पातळ अंगाची, पांढरीशुभ्र, पोटावर केशर-पिस्त्याचं चित्र. मला घडवणाऱ्यांच्या मनात माझं आयुष्य अगदी छोटं होतं. गार श्रीखंड पोटात घ्यायचं, फ्रिजमध्ये बसायचं, कुणाच्या तरी घरी जायचं आणि तिथेच संपायचं. पुढे कधी माझी वाफेशी गाठ पडेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून तसं बळही मला कुणी दिलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही.

पाडव्याच्या सकाळी अंगदनं मला नवीन जालन्यातल्या त्याच्या घरी आणलं. अंगद मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका पेढीवर काम करतो. त्याची बायको अर्पिता बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात जाते. त्यांची तान्ही लेक तृप्ती, घरात सगळे तिला तिपू म्हणतात. आणि तिपूला सांभाळायला म्हणून टेंभुर्णीहून येऊन राहिलेल्या अंगदच्या आई, द्वारकाबाई.

जेवणं झाली. अंगदनं बोट फिरवून माझा तळसुद्धा चाटूनपुसून साफ केला. मला वाटलं, झालं, भरले आपले दिवस. खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायला लागलं होतं. अर्पितानं मला उचललंही. तेवढ्यात द्वारकाबाई आतून म्हणाल्या,

"अगं, ती डबी कुठं घेऊन चालली? टाकू नको. मजबूत हाय. झाकण बी बराबर बसतं. इतकी चांगली डबी कोण टाकतं का?"

इतकी चांगली डबी! माझ्याबद्दल असं कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. त्या एका वाक्यानं मला दुसरा जन्म दिला. पुढे जे काही झालं ते झालं, पण द्वारकाबाईंचे ते उपकार मी कधी विसरणार नाही.

मग मला फडताळात जागा मिळाली. माझ्यासारख्याच डब्या तिथे आधीपासून होत्या, कुणी आइस्क्रीमची, कुणी आम्रखंडाची. मला नाना कामं मिळाली. कधी चिरलेली कोथिंबीर, कधी विरजण, कधी अंगदच्या डब्यासोबत काकडीच्या फोडी. शेजारच्या अजीजुन्निसा खालांकडे तर माझं जाणंयेणं फारच. इकडून भरीत घेऊन जायचं, तिकडून काहीतरी गोडधोड घेऊन यायचं. डबी रिकामी परत करायची नाही, हे दोन्ही घरांत कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण पाळलं मात्र जायचं. भरल्या पोटी जावं, भरल्या पोटी यावं, याहून चांगलं आयुष्य डबीला दुसरं कोणतं?

आता मायक्रोवेव्हचं सांगते. नुसतं नाव घेतलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

अर्पिताचं माहेर अंकुशनगरचं. तिचे वडील मच्छिंद्रराव तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला होते. लेकीच्या लग्नात त्यांनी रुखवतावर दोन वस्तू हौसेनं मांडल्या होत्या. एक मायक्रोवेव्ह आणि त्याच्या शेजारी जाड काचेच्या वाट्यांचा सेट. लग्नानंतर मायक्रोवेव्हवर विणलेला रुमाल पडला आणि रुमालावर फुलदाणी आली. काचेचा सेट गेला बैठकीतल्या शोकेसमध्ये. शोकेसला कुलूप, कुलपाची किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेच्या चंचीत. पाहुणे आले की काचेआडून त्या वाट्या बघायचे आणि स्टीलच्या वाटीत चिवडा खायचे.

तिपू वरणभात खायला लागली आणि त्याच सुमारास अर्पिताची रजा संपली. ती सकाळी सगळं रांधून ठेवायची. दुपारी तिपूपुरतं गरम करायला सोपं जावं म्हणून मायक्रोवेव्हवरची फुलदाणी खाली उतरली.

पहिल्याच दिवशी द्वारकाबाईंनी स्टीलची वाटी आत ठेवली. चर्र चर्र आवाज, निळ्या ठिणग्या! मी फडताळात होते, तरी किंचाळायची बाकी राहिले. द्वारकाबाईंनी तिपूला उचललं आणि थेट खालांच्या घरात पळाल्या. संध्याकाळी अंगद आला, तो हसायलाच लागला.

"आई, त्याच्यात स्टील बिलकुल न्हाई घालायचं. पितळ न्हाई, जर्मनचं पातेलं न्हाई."

"मंग काय, तळहातावर घेऊन गरम करू?"

"स्टील सोडून काहीबी घाल ना."

काहीबी! या एका शब्दानं सगळा घोळ केला बघा. त्या स्वयंपाकघरात स्टील सोडलं तर होतं काय? आम्ही डब्याच. काच होती, पण ती कुलपात होती. कुलपातली वस्तू हाताशी आहे असं घरात कुणाला वाटतच नाही. द्वारकाबाईंनी फडताळ उघडलं, आमच्यावरून नजर फिरवली आणि मला निवडलं. म्हणाल्या, "हीच बरी. तिपूच्या जेवणापुरती हाय."

मला निवडलं याचा आधी आनंद झाला, हेही सांगायला हवं. घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं जेवण माझ्या पोटात! मी ताठ बसले. मग दार बंद झालं.

आत पिवळा दिवा लागला. खालची काच फिरायला लागली. घूं घूं असा आवाज सुरू झाला. आधी वाटलं, पाळण्यात बसवलंय. मग वरणातलं तूप तापलं. पाण्याच्या वाफेचा चटका मी कसाबसा सोसला असता, पण तुपाचा चटका वेगळाच. जिथे तूप साचलं होतं तिथे माझं अंग मऊ पडलं. आपण आपल्याच अंगातून थोडंथोडं सुटत चाललोय असं वाटायला लागलं. टिंग असा आवाज आला तेव्हा मी अशी दचकले, की झाकण उघडंच पडलं.

द्वारकाबाई मात्र निष्काळजी नव्हत्या हो. डबी बाहेर काढली की त्या वरणभात चमच्यानं सगळा खालीवर करायच्या, कारण ते यंत्र एका कोपऱ्यात चटका आणि दुसऱ्या कोपऱ्यात गारठा ठेवतं, हे त्यांनी हेरलं होतं. मग एक शीत मनगटावर ठेवून बघायच्या. मग फुंकर. मग, "आ कर माझी सोनसाखळी, हा चिऊचा, हा काऊचा." इतकं जपून भरवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. म्हणून तर मला जास्त भीती वाटायची. एवढ्या मायेनं भरवलेल्या घासात माझा कण गेला तर?

दिवस गेले. हळदीचा पिवळेपणा माझ्या अंगात मुरला, घासून निघेना. काठ जरासा कलला. तळ खरखरीत झाला. मला तोंड असून वाचा नाही. सांगणार कुणाला?

ते सांगण्याचं काम एका डॉक्टरीणबाईंनी केलं. तिपूला लस द्यायला अर्पिता तिला दवाखान्यात घेऊन गेली, सोबत भूक लागली तर असावा म्हणून माझ्यात मऊ भात. पिशवीतून लंगोट काढताना मी टेबलावर आले. डॉक्टरीणबाईंनी मला उचललं, उलटं करून पाहिलं, तळावर नख फिरवलं.

"हिच्यात गरम करता का?"

"हो," अर्पिता म्हणाली. "म्हणजे, सासूबाई करतात. मायक्रोवेव्हमध्ये. का हो? काही झालं का?"

"घाबरू नका. पण हे थंड पदार्थाचं प्लॅस्टिक आहे, तापवायचं नाही. तापलं की त्यातलं काहीबाही अन्नात उतरू शकतं. तूप, तेल, साखर असली तर ते जास्तच तापतं. मायक्रोवेव्हमध्ये चालतं असं लिहिलेलं असलं ना, तरी त्याचा अर्थ डबा वितळत नाही एवढाच धरायचा. लेकराचं अन्न काचेत नाहीतर चिनी मातीत गरम करा. सोनेरी काठाचं नको, ठिणग्या उडतात. वरून सैल झाकण. आणि आजवर दिलं म्हणून रडत बसू नका. आजपासून बदला."

रिक्षात अर्पितानं मला पिशवीत अगदी खाली सारलं. तिपूला छातीशी धरून ती सगळ्या वाटभर पुटपुटत होती, "आज सांगते. घरी गेल्या गेल्या सांगते. साधी तर गोष्ट आहे."

पण गोष्ट साधी नव्हती. मागे एकदा द्वारकाबाई तिपूला मधाचं बोट चाटवत होत्या, तेव्हा अर्पिता पटकन बोलून गेली होती, "आत्या, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही." सासूला ती आत्याच म्हणते. द्वारकाबाईंनी पिशवी भरली आणि टेंभुर्णीची गाडी धरली. अंगद समजूत घालून त्यांना परत आणेपर्यंत अर्पिताला घरीच बसावं लागलं. ऑफिसात साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर जमायचं नाही. आत्या रुसल्या तर नोकरी जाते, आणि गप्प बसलं तर तिपूच्या पोटात काय जातं कोण जाणे. या दोन भिंतींच्या मध्ये ती पोर अडकली होती.

तिनं वेगळाच उपाय काढला. मला लपवायला लागली. एकदा पिठाच्या डब्यामागे, एकदा वॉशिंग मशीनच्या मागे, एकदा तर चक्क अंगदच्या हेल्मेटमध्ये. द्वारकाबाई शोधून काढायच्याच.

"अंगद्या, ही तुझ्या टोप्यात कशी गेली रे? श्रीखंड घालून फिरून राह्यला का डोक्याला?"

आणि मी सापडले नाही तर त्या आइस्क्रीमची डबी घ्यायच्या. म्हणजे झालं तेच.

मग अर्पिता ओट्यापाशी उभी राहून हळू आवाजात घोकायची, "आत्या, एक बोलू का? राग मानू नका, पण..." मागून पाऊल वाजलं की दचकून नळ सोडायची. मी ओट्यावरून बघायची. बोल गं बाई, मनात म्हणायची, बोल एकदाची. माझीही सुटका कर.

तो रविवार होता. अंगद दाढी करायला गेला होता. अजीजुन्निसा खाला मला परत करायला आल्या, पोटात गाजराचा हलवा.

"द्वारका, अगे तेरी ये डब्बी कैसी टेढी हो गई! बिलकुल हमारे मियाँ सरीखी. बैठती कम, लुढकती ज्यादा."

"असू दे खाला, लई काम देती ती. मियाँ बी देतेतच की."

दोघी हसल्या. चहा झाला. हलवा बघून तिपूनं हात पुढे केले. "थांब माझे बाई, गार हाय, जरा कोमट करते," म्हणत द्वारकाबाईंनी मला तशीच हलव्यासकट आत ठेवलं. अर्पिता गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

तूप आणि साखर दोन्ही एकदम! काय सांगू तुम्हाला. या वेळी माझं अंग नुसतं मऊ पडलं नाही, तळाशी फोड आला आणि फुटला. हलवा वाटीत ओतला गेला. मी रिकामी होऊन ओट्यावर आले. द्वारकाबाई तिपूला मांडीवर घेऊन बसल्या, फुंकर घालायला लागल्या.

अर्पिता हात धुवायला आत आली आणि तिची नजर माझ्या तळावर गेली. तिथे खड्डा होता. नुकताच पडलेला.

"आत्या, थांबा!"

एवढ्या मोठ्यानं ती कधीच बोलली नव्हती. मी दचकले, खालांचा कप हिंदकळला, तिपूनं उघडलेलं तोंड मिटलं. चमचा अधांतरी राहिला. द्वारकाबाईंनी मान वळवली. चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग तोच, मधाच्या दिवशीचा भाव. तरी अर्पितानं मला उचललं आणि सासूपुढे धरलं.

द्वारकाबाईंनी चमचा खाली ठेवला. माझ्या पोटात बोट घातलं. त्या खड्ड्यावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हे तर सोललं," त्या म्हणाल्या. मग वाटीतल्या हलव्याकडे बघितलं, मग तिपूकडे. "मंग सोललेलं गेलं कुठं?"

मग अर्पिता बोलली. डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, श्वास न घेता, घोकून पाठ झालेलं असल्यासारखं. शेवटी म्हणाली, "तुमची चूक नाही, आत्या. आपल्याला कुणाला माहीतच नव्हतं."

"लस टोचून लई दिवस झाले."

"हो."

"आन तू आज सांगून राह्यली?"

अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही निघून गेला असता तर?"

द्वारकाबाईंनी तिपूच्या तोंडाकडे हात नेऊन, काही लागलेलं नसताना, पदरानं ते पुसलं. "गेल्ते, ते परत आल्तेच ना मी? राग तर मला चहा गार झाला तरी येतो. त्याचं काय धरून बसायचं? माझ्या तिपूच्या पोटाची गोष्ट हाय, ती मला नाही सांगायची तर कोणाला सांगायची?" आवाज चढला होता, पण त्यांनी पिशवीकडे बघितलं नाही. मग म्हणाल्या, "मंग आता कशात तापवायचं? चिनी मातीचं तर घरात काय न्हाई."

खालांनी बैठकीकडे बोट केलं. "वो काँच की कटोरियाँ किसके वास्ते बिठाए? कलेक्टर आनेवाला है क्या?"

सासू-सून दोघी शोकेसकडे बघत राहिल्या.

"त्या आत्यांच्या आहेत," अर्पिता म्हणाली. "पाहुण्यांसाठी जपून ठेवल्यात."

"माझ्या?" द्वारकाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अगं, तुझ्या बापानं दिलेल्या हायेत. तुझ्या माहेरची वस्तू माझ्या हातनं फुटली तर तू काय म्हणशील, व्याही काय म्हणतील, म्हणून कुलूप लावलं. तू एकदा बी मागितल्या न्हाईस."

"तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"या अल्ला," खाला म्हणाल्या, "दोनों एक-दूसरे को सँभाल रहे, और बच्ची डब्बी में खा रही!"

त्यावर आधी द्वारकाबाई हसल्या, मग अर्पिता, रडता रडता. चंचीतून किल्ली निघाली. कुलूप गंजलं होतं, खोबरेल घालून उघडावं लागलं. वाटी धुतली, पुसली. खालांच्या कढईतून नवा हलवा आला, वाटीवर बशी सैल ठेवली गेली, पिवळा दिवा लागला. मी ओट्यावरून पाहत होते. काचेची वाटी शांतपणे फिरत होती. तिला काहीच होत नव्हतं. माझ्या मनात तिच्याबद्दल मत्सर आला नाही. उलट मला हायसं वाटलं, जड ओझं दुसऱ्यानं उचलल्यावर वाटतं तसं.

आता प्रश्न माझा राहिला. द्वारकाबाई एकदा का पटलं की मागेपुढे बघत नाहीत. त्यांनी सगळं फडताळ रिकामं केलं. "या सगळ्याच भंगारात घाला," म्हणाल्या. मी डोळे मिटले. तर अर्पिता, तीच अर्पिता जिनं मला हेल्मेटमध्ये कोंबलं होतं, म्हणाली,

"त्यांचा काय दोष, आत्या? त्यांना गार कामासाठी केलेलं. आपण गरमाला लावलं. खाण्याचं आता काही नको यांच्यात, पण बाकी कामं का थोडी आहेत?"

अशी माझी दुसऱ्यांदा सुटका झाली. पहिल्यांदा सासूनं वाचवलं, दुसऱ्यांदा सुनेनं. आइस्क्रीमच्या डबीत आता सुया, दोरे आणि बटणं असतात. आम्रखंडाच्या डबीत अंगदचे खिळे-स्क्रू. आणि माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे. गॅलरीच्या कठड्याला तारेनं बांधून मला टांगलंय. वारा येतो, खालून मोटारसायकली जातात, मी अजूनही हॉर्नला दचकते. पण चटका नाही.

मध्यंतरी एक दिवस स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज आला. द्वारकाबाईंच्या हातून वाटी निसटली होती. मी तर थिजलेच. आता काय होणार? अर्पिता धावत आली, तुकड्यांकडे बघितलंही नाही. "आत्या, हलू नका. पायात चप्पल नाही तुमच्या. लागलं का कुठं?" तिनं आधी त्यांना चप्पल आणून दिली, मग केरसुणी घेतली. द्वारकाबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाला मीच फोन करून सांगते." आणि खरंच लावला. पलीकडून मच्छिंद्रराव एवढ्या मोठ्यानं हसले, की मला गॅलरीत ऐकू आलं. "वापरून फुटली ना विहीणबाई? मंग चांगलं झालं. मला वाटलं, तिपूच्या लग्नाच्या रुखवतावर तोच सेट मांडता की काय!"

बायांनो, बापांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याही फडताळात असेल. तिला जपलंत, फेकलं नाहीत, त्याबद्दल तिच्या वतीनं मीच आभार मानते. पण तिला वाफेत घालू नका. ती बिचारी नाही म्हणू शकत नाही. आणि काचेआड कुलपात काही बसवून ठेवलं असेल, तर ते नक्की कुणासाठी आहे, हे एकमेकांना विचारून तरी बघा.

आता मला थांबायला हवं. दुपार झालीय, गॅलरीच्या दारातून आतलं सगळं दिसतंय. द्वारकाबाईंनी काचेच्या वाटीतला वरणभात कालवला, मनगटावर शीत ठेवून पाहिलं, फुंकर घातली. तिपूनं मोठा आ केला. घास गेला, ती हसली.

त्या घासात मी नाही. माझा एक कणही नाही. याहून जास्त मी काय मागू?